कू चीच्या भुयारात शिरावं का?

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये नऊ दिवस व्हिएतनाम. त्यातले चार हो ची मिन्ह सिटीत, मग हुए आणि दा नांग. सोबत गुडघेदुखी असलेल्या ६८ वर्षांच्या आई आणि ११ वर्षांचा मुलगा. विचारणाऱ्यांना स्वतःला बंद जागेची भीती, लिफ्ट क्षणभर थांबली तरी घाम फुटतो. तेव्हा हो ची मिन्ह सिटीजवळची, युद्धकाळात खणलेली कू चीची भुयारं बघायला जावं का, ती बघण्याच्या दोन जागांपैकी बेन दिन्हला जावं की बेन दुओकला, आणि आत शिरता येणार नसेल तर एवढं लांब जाऊन उपयोग काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच बेतलेली आहेत. गेली बरीच वर्षं मी टूर लीडर म्हणून ग्रुप घेऊन व्हिएतनामला जाते. कू चीला किती वेळा गेले ते मोजायचं सोडून दिलंय. माझं मत विचाराल तर कू ची जमिनीवरूनच जास्त कळतं. आत रांगताना दिसते फक्त पुढच्या माणसाची पाठ, आणि ऐकू येतो आपलाच श्वास. ज्या युक्त्यांच्या जोरावर ती भुयारं टिकली, त्यांच्या खुणा सगळ्या वर आहेत, पालापाचोळ्यात आणि वारुळांत. त्या नीट बघितल्या की मग आत वीस मीटर गेलात काय किंवा नाही गेलात काय, फार फरक पडत नाही. नुसतं आत जाऊन आलेले आणि वरचं काहीच न बघितलेले लोक मात्र हॉटेलवर परतल्यावर सांगतात, ‘फार अरुंद होतं हो.’ बस, एवढंच.

वर काय बघायचं हे कळायला आधी खाली काय होतं ते थोडं माहीत हवं. व्हिएतनामी गनिमांनी खोदाई सुरू केली १९४० च्या दशकाच्या अखेरीला, फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात. तेव्हा ही लहान लहान भुयारं होती, शस्त्रं आणि माणसं लपवण्यापुरती. हळूहळू ती वस्तीवस्तीला जोडली गेली, आणि १९६० च्या दशकात अमेरिकन सैन्य आलं तोवर त्यांचं जाळं झालं. भर युद्धात ते सुमारे २५० किलोमीटर पसरलेलं होतं असं सांगतात. फावडी-कुदळी आणि बांबूच्या टोपल्या, एवढ्या सामानावर हे काम झालं. ते शक्य झालं मातीमुळे. इथली माती चिकण आणि जांभ्याच्या जातीची आहे. पावसाळ्यात ओली असताना ती खणता येते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी टेकू न देताही छत उभं राहतं. तुम्ही जूनमध्ये जाताय, म्हणजे माती ओली असेल. वाटेच्या कडेला चिमूटभर उचलून बोटांत मळून बघा. मुलालाही बघू द्या. पुढचं सगळं समजावून सांगणं सोपं जातं.

आता खणलेली माती टाकायची कुठे? हा प्रश्न मी प्रत्येक ग्रुपला विचारते आणि बहुतेक जण गप्प होतात. वरून विमानं फिरतायत. ताज्या मातीचा एक ढीग दिसला की संपलं. म्हणून माती रातोरात बॉम्बच्या खड्ड्यांत टाकत, भातखाचरांत पसरत, ओढ्या-नदीत सोडत. अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बफेकी विमानांनी पाडलेले खड्डे आजही आवारात आहेत, त्यांत झाडं-झुडपं वाढलीयत. गाईड फक्त त्यांची रुंदी सांगून पुढे जातो. त्याला थांबवून विचारा की यातले किती खड्डे भुयारांतल्याच मातीनं भरले गेले असतील. त्याच्याकडे आकडा नसेल, पण गप्पा रंगतील.

दुसरी गोष्ट झाकण. साधारण वीतभर-दीडवीत लांबीरुंदीचं लाकडी झाकण, वर पाला. गाईड म्हणतो ‘शोधा’, आणि वीस माणसं त्याच्याभोवती फिरून दमतात, कुणी तर त्यावरच उभं असतं. मग तो पाला बाजूला करतो, आत उतरतो, दोन्ही हात वर धरून झाकण डोक्यावर घेतो आणि नाहीसा होतो. फोटोसाठी पर्यटकही तिथे उतरतात. खांदे रुंद असतील किंवा पोट सुटलेलं असेल तर उतरू नका. एका काकांना आम्ही दोघांनी काखेत हात घालून वर ओढलंय. ते हसत होते, पण त्यांच्या कमरेची कातडी सोलवटली होती.

तिसरी गोष्ट हवा. वारुळासारखी दिसणारी मातीचे उंचवटे शोधा, त्यांना खाली बारीक भोकं असतात. काही खरी वारुळं होती, काही तशी घडवलेली. अमेरिकन सैन्य वास काढायला कुत्रे आणायचं. तेव्हा या भोकांजवळ मिरपूड टाकत, आणि कधी अमेरिकन साबण वापरत, म्हणजे कुत्र्याला वास ओळखीचा वाटावा आणि त्यानं पुढे जावं. हे ऐकल्यावर माझ्या ग्रुपमधली मुलं पुढचा अर्धा तास फक्त वारुळं शोधत असतात.

आणि चौथी, माझी सगळ्यात आवडती: चूल. व्हिएतनाममध्ये तिला होआंग काम चूल म्हणतात. होआंग काम हा फ्रेंचांविरुद्धच्या युद्धातला सैन्याचा आचारी, त्यानं ही रचना काढली. जमिनीखालच्या चुलीचा धूर थेट वर सोडायचा नाही. तो आडव्या चरांतून न्यायचा, मधे खोल्यांसारख्या खड्ड्यांत अडवायचा, गार करायचा, आणि मग चुलीपासून बऱ्याच अंतरावर, पानांच्या थराखालून, विरळ होऊन बाहेर पडू द्यायचा. त्यातून स्वयंपाक पहाटे, म्हणजे जो काही धूर निसटेल तो धुक्यात मिसळून जाईल. तिथे एक नमुना चूल पेटवून दाखवतात. सगळे चुलीचा फोटो काढतात. तुम्ही तिथून पाठ फिरवा आणि धूर कुठे निघतोय ते शोधा. बहुतेक वेळा पानांतून हलकी वाफ उठल्यासारखं दिसतं, तेही सांगितल्यावरच.

खालच्या रचनेचा नकाशा सुरुवातीच्या खोलीत टांगलेला असतो. त्याच्यासमोर पाच मिनिटं जास्त उभ्या राहा. साधारण तीन मजले: वरचा तीनेक मीटर खोल, मधला सहाच्या आसपास आणि सगळ्यात खालचा आठ-दहा मीटरपर्यंत. मजल्यांमध्ये झडपा. भुयार सरळ जात नाही, सतत वळतं, म्हणजे आत गोळी झाडली किंवा बॉम्ब फुटला तरी मार पुढच्या वळणावर अडतो. काही ठिकाणी वाट खाली वाकवून त्यात पाणी भरून ठेवायचे. आपल्या संडासाच्या भांड्याखाली पाणी साठून वास अडतो ना, अगदी तेच तत्त्व. इथे अडवायचा होता वरून सोडलेला गॅस. काही वाटा सायगाव नदीत उघडायच्या. नकाशात हे एकदा समजून घेतलंत की पर्यटकांसाठीच्या भुयारात काय दाखवत नाहीत तेही लक्षात येतं.

युद्धाचा भाग गाईड त्याच्या बाजूनं सांगेल, आणि ते साहजिक आहे. तरी दोन-तीन गोष्टी आधीच माहीत असल्या तर बरं. १९६६ च्या जानेवारीत सुमारे ८,००० अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ‘ऑपरेशन क्रिम्प’ नावाची मोहीम इथे केली, आणि पायाखाली केवढं काय आहे याचा पहिला मोठा अंदाज त्यांना तेव्हा आला. त्याच सुमारास अमेरिकेच्या २५ व्या इन्फंट्री डिव्हिजननं कू चीत तळ ठोकला आणि रात्री छावणीच्या आतूनच गोळ्या येतायत, हे कोडं त्यांना बराच काळ सुटेना. पुढच्या जानेवारीत, १९६७ मध्ये, नदीपलीकडच्या भागात ‘सीडर फॉल्स’ ही ३०,००० सैनिकांची मोहीम झाली. भुयारात उतरणाऱ्या सैनिकांना ‘टनेल रॅट’ म्हणत. अंगानं लहान माणसं निवडायची, हातात पिस्तूल, टॉर्च आणि सुरा. आत कोण आहे, साप आहे की सापळा, काही माहीत नाही. दोन्ही बाजूंची माणसं त्याच अंधारात होती, हे गाईडच्या गोष्टीत सहसा येत नाही. आत राहणाऱ्यांचे हालही काही कमी नव्हते. लढाईतल्या जखमांच्या खालोखाल मलेरियानं माणसं गेली असं सांगतात. पोटात जंत तर जवळपास सगळ्यांच्याच.

आता तुमच्या भीतीबद्दल. पर्यटकांसाठी खुलं असलेलं भुयार मूळ मापाचं नाही. दोन्ही ठिकाणी ते रुंद केलेलं, बऱ्याच जागी सिमेंटनं बांधून काढलेलं आणि मधे मधे दिवे लावलेलं आहे. तरीही उभं राहता येत नाही. ओणवं होऊन किंवा उकिडवं चालत जावं लागतं, एकदोन जागी रांगावंच लागतं. एकूण अंतर शंभरेक मीटर, आणि साधारण दर वीस मीटरवर बाहेर पडायला वाट. ही वीस मीटरची गोष्ट लक्षात ठेवा. शंभर मीटर कुणीच मागत नाही, तिकिटावर तशी अट नाही.

भीती वाटते ती अरुंदपणानं कमी आणि अडकल्यानं जास्त. माझ्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते, रोज व्यायाम करणारे, ग्रुपमधले सगळ्यात धडधाकट. भुयारात पुढची मुलगी सेल्फी काढायला थांबली. मागून चारजण येऊन भिडले. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, आणि दहा-पंधरा सेकंदांत त्यांचा श्वास फुलला. मी मागच्यांना एकेक करून उलटं रांगत बाहेर काढलं, त्यांचा घोटा धरून ठेवला आणि मोठ्यानं आकडे मोजायला लावले. बाहेर आल्यावर ते तासभर कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून ज्यांना अशी भीती आहे त्यांना मी गर्दीत आत जाऊच देत नाही. सगळा ग्रुप जाऊन बाहेर आला की मग फक्त गाईड पुढे आणि तुम्ही मागे, दोघांत हातभर अंतर, आणि तुमच्या मागे कुणी नाही. पहिल्या फाट्याला बाहेर यायचं, वीस मीटर झाले की झालं. गाईडला हे आधीच सांगा. नाही म्हणणारा गाईड मला अजून भेटलेला नाही, त्यांच्यासाठी हे रोजचंच आहे.

दमा, हृदयाचा त्रास, आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असेल तर मात्र पाय टाकायचा नाही. आत उकाडा आणि दमटपणा एवढा असतो की धडधाकट माणूसही बाहेर येतो तो निथळत. अधूनमधून छोटी वटवाघळं लटकलेली दिसतात. ती काही करत नाहीत, पण अचानक चेहऱ्याजवळून गेली की किंचाळी फुटते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बेन दिन्ह की बेन दुओक? बेन दिन्ह शहराच्या जवळ, त्यामुळे जवळपास सगळ्या अर्ध्या दिवसाच्या टूर तिथेच जातात. बेन दुओक आणखी पुढे, शहरापासून सत्तरेक किलोमीटर, तिथे गर्दी निम्म्याहून कमी आणि आवार मोठं. तुमच्यासाठी मी डोळे मिटून बेन दुओक सांगेन. तुमच्या आई शांतपणे बसू शकतील, तुम्हाला भुयारात गर्दी लागणार नाही, आणि तिथलं स्मृतिमंदिर बघण्यासारखं आहे. भिंतींवर त्या परिसरात मारल्या गेलेल्यांची ४४,००० हून जास्त नावं कोरलेली आहेत. स्थानिक कुटुंबं येतात, बोटानं नाव शोधतात, उदबत्ती लावतात. तिथे मोठ्यानं बोलू नका, शॉर्ट्स घालून जाऊ नका. अडचण एवढीच की नेहमीच्या ग्रुप टूर तिकडे जात नाहीत. चौघांत-पाचांत स्वतंत्र गाडी करावी लागते, आणि बुक करताना ‘बेन दुओक’ हे नाव लेखी मागून घ्या. नुसतं ‘कू ची टनेल्स’ असं छापलेलं असेल तर ते बेन दिन्ह समजायचं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका स्थानिक एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबले होते. गाडी बेन दिन्हच्या फाटकाशी थांबली तेव्हा काहीच करता आलं नाही.

वेळ सकाळची घ्या. जूनमध्ये दक्षिणेत पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो. सातच्या सुमाराला आवार उघडतं, शहरातून रस्त्यानं दीड ते दोन तास लागतात. अंधारात निघालात तर ऊन चढायच्या आत निम्मं बघून होईल. बेन दिन्हला सायगाव नदीतून स्पीडबोटीनंही जाता येतं. महाग आहे, पण गुडघेदुखीवाल्यांना बसून बसून गाडी नको वाटत असेल तर ती एक सोय. तिकीट परदेशी पाहुण्यांना लाखभर डोंगच्या (डोंग हे तिथलं चलन) आसपास पडतं, आकडा बघून दचकू नका. रस्त्यात गाडी हमखास एखाद्या हस्तकलेच्या कारखान्यात थांबवतात. नको असेल तर बसल्याबसल्या आधीच सांगा, अर्धा तास वाचतो.

तुमच्या आईंसाठी वरची वाट जंगलातली, सावलीची आणि बरीचशी सपाट आहे, फक्त ओल्या पानांवर पाय घसरतो. काठी न्या. शेवटी उकडलेला टॅपिओका (साबुदाण्याचा कंद) आणि दाण्याचं कूट-मीठ देतात, सोबत चहा. युद्धात हेच खाऊन दिवस काढायचे. त्यांना ते आवडेल असं वाटतं, आणि तिथे बाकंही आहेत.

मुलाचं जरा विचारपूर्वक करा. सापळ्यांचं दालन असतं, बांबूच्या अणकुचीदार खुंट्यांचे, फिरत्या फळ्यांचे. मागे भिंतीवर त्यात पडणाऱ्या सैनिकांची चित्रं. गाईड काठीनं ते चालवून दाखवतो आणि लोक हसतात. अकरा वर्षांच्या मुलाला तो खेळ वाटणं साहजिक आहे. आदल्या रात्री त्याला सांगा की खाली पडणारा माणूस एकोणीस-वीस वर्षांचा असायचा आणि खुंट्या लावणाराही तेवढाच. सुरुवातीला युद्धकाळातला एक काळा-पांढरा प्रचारपट दाखवतात, त्यात अमेरिकन मारल्याबद्दल पदकं मिळालेली गावातली मुलं-मुली आहेत. तो चुकवू नका, पण तो तेव्हाचा प्रचार आहे हे त्याला समजावून सांगा.

गोळीबाराची रेंज आहे. एके-४७, एम-१६ वगैरे रायफली, पैसे गोळीमागे आणि निदान दहा गोळ्या घ्याव्या लागतात. कायद्यानं ते चालतं, लोक रांगा लावतात. मला ते कधीच रुचलं नाही. स्मारकाच्या आवारात दिवसभर फटाफट आवाज येत राहतो. एवढं मात्र खरं की भुयाराच्या तोंडाशी असताना तो आवाज अचानक आला की पोटात जे होतं ते कुठलाही गाईड सांगू शकत नाही. मुलाचे कान झाका, तिथे जवळ फार वेळ थांबू नका.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. तुम्ही पुढे हुएला जाताय. तिथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, क्वांग त्री प्रांताच्या किनाऱ्यावर, विन्ह मोक आहे. भुयार म्हणजे काय हे ‘आतून’ बघायचं असेल तर मी कू चीपेक्षा ते निवडेन, बंद जागेच्या भीतीसकट. कू ची लढण्यासाठी होतं. विन्ह मोकला एक अख्खं कोळ्यांचं गाव जमिनीखाली राहायला गेलं.

हे गाव बेन हाय नदीच्या जरा उत्तरेला. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर सतराव्या अक्षांशाजवळ देश दोन भागांत विभागला गेला, त्या सीमेला लागून. समोर समुद्रात कोन को बेट, तिथे इथून रसद जायची, म्हणून बॉम्बहल्ले अतोनात. गावकऱ्यांनी १९६५ पासून तांबड्या बेसॉल्ट मातीच्या कड्यात खणायला घेतलं आणि पुढे १९७२ पर्यंत माणसं तिथे राहत होती. तीन मजले, सगळ्यात खालचा वीस मीटरहून खोल. एकूण लांबी दोन किलोमीटरच्या आत, तेरा दारं, त्यांतली सात समुद्राकडे उघडणारी. साठेक कुटुंबं. भिंतीत कोनाड्यासारख्या खोल्या, एका कुटुंबाला एक, आपल्या जुन्या वाड्यातल्या फडताळाहून थोडी मोठी. विहीर, सभेची जागा, आणि एक बाळंतिणीची खोली. त्या काळात भुयारात १७ मुलं जन्मली. गाईड आणखी एक गोष्ट सांगतात: जमिनीत घुसून फुटणारा एक बॉम्ब थेट भुयारावर पडला, फुटला नाही, आणि त्यानं पाडलेलं भोक गावानं हवेसाठी वापरलं.

इथे पावणेदोन मीटरच्या आसपास उंची मिळते. थोडं वाकून, पण चालत जाता येतं. मूळ भुयार, मूळ मापात. वळण घेतल्यावर पुढून समुद्राचा उजेड आणि वारा येतो, आणि तुमच्यासारख्यांना तेवढ्यानं धीर येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. कू चीत पहिल्या फाट्यालाच बाहेर आलेल्या बायका इथे सगळं फिरून आल्यात. आईंना मात्र उतरवू नका. पायऱ्या उंच आहेत, ओल्या आहेत, आणि गुडघ्याला उतारच जास्त जाचतो. वर छोटं संग्रहालय आहे, बांबूच्या सावलीतले खंदक आहेत, तिथे त्यांचा वेळ बरा जाईल. जूनमध्ये त्या भागात लाओसकडून कोरडा गरम वारा वाहतो, तेव्हा हुएहून पहाटेच निघा. जाताना हिएन लुओंग पूल लागतो. त्याची दोन टोकं दोन राजवटींनी दोन रंगांत रंगवली होती. पाच मिनिटं उतरून चालत पार करा.

एक गोष्ट तिथे हसण्यावारी नेऊ नका. क्वांग त्रीच्या जमिनीत न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. फोटोसाठी, लघवीसाठी, मुलाचा चेंडू आणण्यासाठी, कशासाठीही आखलेली वाट सोडायची नाही. गंजलेला लोखंडाचा तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, गाईडला दाखवायचा.

कपड्यांचं म्हणाल तर जुनी फुल पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मागून पट्टा असलेले किंवा बंद बूट. पाठीवरची सॅक आत न्यायची नाही, ती छताला घासते आणि मागच्याच्या तोंडाशी येते. मोबाइलच्या टॉर्चपेक्षा कपाळावर बांधायचा छोटा टॉर्च बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. डासांचं मलम, पाणी, आणि प्रत्येकासाठी एक जादा टी-शर्ट गाडीत ठेवा. तुम्ही वीस मीटरच गेलात तरी लागेल.